कावळ्याचं पत्र

मला कुणी विचारलं, "म्हातारे, नवऱ्याचा चेहरा आठवतो का?" तर खरं सांगते, धड आठवत नाही. मिशी आठवते, आणि उपरण्याला येणारा हिरड्याचा तुरट वास. त्याची दोन मरणं मात्र मला पाठ आहेत. दोन्ही मीच मोठ्यानं वाचून दाखवली.

हो, दोन. एकाच माणसाची. हसायचं असेल तर हसून घ्या, पुढं हसायला जागा नाही.

महाराजांचं राज्य होतं, आणि मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत तिसऱ्या बुकापर्यंत शिकले होते. तेवढ्यात लग्न झालं. सासर गावातच, पलीकडच्या पेठेत. घरात माणसं दोनच, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. नवरा चंदगडला हिरड्याच्या वखारीवर कामाला असायचा, दिवाळीला नि शिमग्याला घरी यायचा. आत्याबाईंना हा एकच मुलगा. सासरे कधीच गेले होते, त्यामुळं त्या पांढऱ्या कपाळाच्या. घरात कुंकवाची बाई मी एकटी, आणि अक्षर वाचणारीही मी एकटीच. पहिल्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. दुसरीचा राग होता, पण पत्र आलं की त्यांना माझ्याच तोंडाकडं बघावं लागायचं.

माझी एक मैत्रीण होती. आमच्या गल्लीतली, माझ्याच पाटीवर लिहायला शिकलेली. तिला शिरोळला दिली. नदीकाठची पाणथळ जमीन, मोठं खटलं, आणि वर्षाच्या आत नवरा पटकीनं गेला. तेव्हा ती धड वयातही आली नव्हती. तिची कार्डं मला यायची. विधवेचं कार्ड म्हणून आत्याबाईंचा कायदा असा की मंगळवारी आणि शुक्रवारी ते घरात घ्यायचं नाही, दाराबाहेर दगडाखाली ठेवायचं, दुसऱ्या दिवशी अंघोळीआधी वाचायचं. स्वतः विधवा असून! मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, तुमी तर रोजच घरात असताय की." त्या दिवशी मला जेवायला मिळालं नाही. पण म्हटलं ते म्हटलं.

शिरोळ हे आत्याबाईंचं माहेरही. म्हणजे इकडचं तिकडं कळायला वेळ लागायचा नाही. हे लक्षात ठेवा.

आता पहिलं मरण. पोष्टमननं कार्ड दिलं, त्याचा एक कोपरा फाडलेला. वर 'श्री' नाही. हल्लीच्या पोरींना सांगावं लागतं, मयताच्या कार्डाची ही खूण. ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं आणि डोक्यावरनं पाणी घ्यायचं. मी दारात उभी राहून वाचलं. अक्षर वखारीच्या दिवाणजीचं, बाळबोध, कारण मला मोडी येत नाही हे त्याला माहीत होतं. "आपले चिरंजीव यांस काल रोजी देवाज्ञा झाली. ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही. कळावे."

आत्याबाई जमिनीवर आदळल्या. गल्ली गोळा झाली. माझं वय काय, मला रडावं की पळून जावं तेच कळेना. मयत चंदगडलाच, म्हणून बायकांनी ठरवलं की बांगड्या दहाव्याला नदीवर फोडायच्या. तोवर मला एका कोपऱ्यात बसवलं. ज्या बायका काल माझ्या हातची सुपारी खात होत्या त्या पदर सावरून लांबनं जायला लागल्या. पाणीसुद्धा वरनं ओतायच्या. मी त्या कोपऱ्यात बसून पंचगंगेचा घाट डोळ्यांसमोर आणायची आणि माझे हात पोटाशी लपवायची.

दहावा यायच्या आधी दुसरं पत्र आलं. वर ठसठशीत 'श्री'. "आपले चिरंजीव सुखरूप आहेत. डोक्यास कावळा शिवला, सबब मागील पत्र लिहिणे भाग पडले. राग नसावा."

कावळा शिवणं म्हणजे मरणाचं बोलावणं, असं सगळे मानायचे. त्यावर उतारा एकच. माणूस मेला असं नातेवाइकांना कळवायचं. त्यांनी रडायचं, अंघोळी करायच्या, म्हणजे मरणाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते वाटेला लागतं. मग दुसरं पत्र टाकायचं, खुशाल आहे म्हणून. पहिल्या पत्रात खरं सांगून टाकलं तर रडणं खोटं होणार आणि उतारा लागू पडणार नाही, म्हणून बायकोला नि आईलासुद्धा सांगायचं नाही. ही अक्कल कुणी काढली असेल त्याला माझ्यापुढं उभा करा एकदा.

आत्याबाईंनी पेठेत साखर वाटली. लांबनं जाणाऱ्या बायका परत जवळ आल्या, माझ्या कपाळाला कुंकू लावून गेल्या, जसं काही झालंच नव्हतं. आणि त्याच आठवड्यात शिरोळहून माझ्या मैत्रिणीचं कार्ड आलं. तिच्यापर्यंत मरण पोचलं होतं, कावळा पोचला नव्हता.

पत्त्यावर तिनं माझ्या नावामागं 'गं. भा.' लिहिलं होतं. गंगाभागीरथी. विधवेला लिहायचं ते. आत लिहिलं होतं, "तू आता माझ्यासारखी झालीस असं लोक म्हणतील, त्यांच्या तोंडात माती घाल. तू तूच आहेस. जेवायला कमी वाढतील, मागून घे, लाजू नको. कोपऱ्यात बसवतील, तिथं पाठ भिंतीला टेकून बस, नाहीतर पाठ धरते. पहिलं वरीस जात नाही असं वाटतं. जातं. मी हाय."

मी आजवर पुष्कळ सांत्वनाची पत्रं वाचली, स्वतःची आणि लोकांची. तिच्या तोडीचं एकही नाही. आणि ते आलं तेव्हा माझा नवरा चंदगडला मजेत भाकरी खात होता.

मी ते मनात वाचत होते, तर आत्याबाईंनी विचारलं, "काय लिवलंय?" मी म्हटलं, "ख्यालीखुशाली." पण दुकानदार पायरीवर उभा होता. आमच्या शेजारी किराणा विकायचा, अक्षर वाचायचा आणि जीभ पोटात ठेवता यायची नाही. त्यानं पत्ता बघितला आणि म्हणाला, "आवो काकू, हितं तर गं. भा. लिवलंया."

अगं बया बया! आत्याबाईंनी कार्ड हिसकावलं आणि चुलीत घातलं. "माझा ल्योक जित्ता हाय आन ही सटवी त्येच्या बायकूला गं. भा. लिवती? सवताचा गिळला, आता माझा गिळायला बसली! घे कार्ड. म्या सांगती तसं लिव."

त्या सांगत होत्या आणि मी लिहीत होते. त्या सांगत होत्या, "काळतोंडे, अवदसे, परत माझ्या दाराला कार्ड लावशील तर हात झडतील." मी लिहीत होते, "आत्याबाई समोर बसून तुला शिव्या घालताहेत, मध्येच तपकीर ओढतात आणि विसरतात कुठं होतो ते. तुझं पत्र जळलं पण मला पाठ झालंय. तो जिवंत आहे, कावळा होता. तू अशीच लिहीत जा." मला लिहिताना हसू येत होतं. कार्ड झालं, मी पत्ता घातला, आणि आत्याबाई ते घेऊन सरळ दुकानात गेल्या. "वाच बाबा, नीट लिवलंय का हिनं."

त्यानं वाचलं. तपकिरीसकट वाचलं.

उलथनं चुलीत तापवून आत्याबाईंनी माझ्या उजव्या हाताच्या मागं टेकवलं, लिहिणाऱ्या हाताच्या. डाग अजून आहे, थंडीत काळा पडतो. मग त्याच हातानं मला दुसरं कार्ड लिहायला लावलं. ह्या खेपेला दुकानदार पाटावर शेजारी बसला आणि ओळ न् ओळ तपासत गेला. सटवी, अवदसा, हात झडतील, सगळं मी लिहिलं, माझ्याच वळणदार अक्षरात. ते कार्ड शिरोळला गेलं आणि तिकडनं यायचं बंद झालं.

दिवाळीला नवरा आला. चांगला तेल पिऊन आल्यासारखा तुकतुकीत. पेठेतली माणसं जमवून त्यानं कावळ्याची गोष्ट रंगवून सांगितली, कावळा कसा आला, कसा बसला, दिवाणजी कसा घाबरला. माझा हात बघून म्हणाला, "आईचा सोभावच तसा हाय, तू कशाला वाटंला जातीस?" आणि मग हळूच, "तुज्या मैतरणीनं मी मेल्यावर काय लिवलं हुतं गं? सांग की." मी सांगितलं नाही. ते माझ्यासाठी होतं, त्याच्यासाठी नव्हतं.

पुढल्या आषाढात दुसरं मरण आलं.

तेच कार्ड. फाडलेला कोपरा, तेच अक्षर, आणि शब्दही तेच. "आपले चिरंजीव यांस काल रोजी देवाज्ञा झाली. ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही. कळावे." दिवाणजीला मरण कळवायचं एवढंच येत होतं. खोटं असो नाहीतर खरं, त्याच्याकडं वाक्य एकच.

मी वाचलं आणि आत्याबाईंच्या तोंडाकडं बघितलं. त्या एकदम हसल्या. "आला वाटतं पुन्यांदा मुडदा! ह्येच्या डोस्क्यावर काय घरटं बांधलंय का कावळ्यानं?" गल्लीतल्या बायकाही हसल्या. मग आत्याबाईंना आठवण झाली, "आगं रडा की गं थोडं! न्हाईतर उतरायचं न्हाई." आणि आम्ही सगळ्या रडलो. पदर तोंडाला लावून, एकमेकींकडं चोरून बघत. एकीला हसू आवरेना, तिला आत्याबाईंनी कोपरानं ढोसलं. मग अंघोळी केल्या, आणि आत्याबाई मला म्हणाल्या, "चल, भाकरी टाक."

माझ्या नवऱ्यासाठी जगात जे काही रडणं झालं ते हे एवढंच.

मग आम्ही दुसऱ्या पत्राची वाट बघायला लागलो. मागल्या बारीला ते लगेच आलं होतं. ह्या बारीला एक बाजार गेला, दुसरा गेला. मी म्हटलं, "आत्याबाई, कुणालातरी चंदगडला धाडूया का?" खाडकन माझ्या थोबाडीत बसली. "माणूस धाडलं म्हंजे आपुनच खरं मानलं की! तिकडं पाऊस काय म्हणतुया ठावं हाय का तुला? वढं भरल्यात, गाडीवाटा बुडाल्यात. पावसानं अडलं असंल पत्र." हे पटण्यासारखंच होतं. चंदगडचा पाऊस माहीत असलेल्या कुणालाही पटलं असतं.

मला मात्र सकाळी कुंकू लावताना धस्स व्हायचं. लावावं आणि तो मेलेला असला तर पाप. न लावावं आणि तो जिता असला तर मीच मारला. करंडा हातात धरून मी बसायची, आणि आत्याबाई मागून बघत असायच्या. मी थांबले की म्हणायच्या, "लाव." मी जरा फिकं लावलं तर स्वतः यायच्या, पण त्यांना कुंकवाला हात लावता येत नव्हता, म्हणून लांबनंच ओरडायच्या, "आनखी. मोठं." मी बाई आहे का रांड आहे हे मला कुणी सांगेल काय, एवढीच माझी त्या दिवसांतली भूक होती. दुसरी नाही.

शिरोळलाही ह्या खेपेचं मरणाचं कार्ड गेलंच होतं. मी वाट बघितली की ती काहीतरी लिहील. शिव्यांचं कार्ड मिळालं तरी लिहील. तिनं लिहिलं नाही.

श्रावण गेला. आत्याबाईंनी मला शेजारच्या बारशाला धाडलं, एकीच्या डोहाळजेवणाला ओटी भरायला धाडलं. त्यांना पेठेला दाखवायचं होतं. "माझ्या घरात कुक्कू हाय," असं त्या येताजाता कुणालाही सांगायच्या. मग गौरी आल्या. घरात सवाष्ण मी एकटी, म्हणजे गौर मीच आणायची. सकाळी बांगड्या भरणारी बाई बोलावली. मुसलमान होती, पेठ सगळी तिला चाची म्हणायची. तिनं मला दोन्ही हातभर हिरव्या बांगड्या भरल्या, आणि हात दाबताना म्हणाली, "हात लय गार लागतोय गं पोरी."

बायकांबरोबर मी नदीवर गेले, तेरड्याची गौर घेतली, गाणी म्हणत घराकडं आलो. दारात माझ्या पायांवर दूधपाणी घालायला बायका उभ्या. आणि तेवढ्यात पोष्टमन.

"चंदगडचं हाय," तो म्हणाला.

आत्याबाई सणाला पुढं यायच्या नाहीत, आतल्या दाराआड बसायच्या. पण चंदगड ऐकलं आणि त्या सगळ्यांमधून धावत आल्या. माझ्या हातात गौर होती म्हणून कार्ड त्यांनीच घेतलं, आणि घेऊन तशाच उंबऱ्याच्या आत गेल्या. कोपरा फाडलेला होता. त्यांना दिसला नाही. किंवा दिसला असेल, पावसानं फाटला म्हणाल्या असतील मनात. "आलं गं दुसरं पत्र! म्हटलं नव्हतं म्या? गौरीच्या पायानं आलं. वाच. समद्यांम्होरं वाच." त्यांनी माझ्या हातातली गौर एका बाईकडं दिली आणि कार्ड माझ्यापुढं धरलं.

"मागील पत्राचे उत्तर नाही. कोणी आले नाही. मागील पत्र खरे होते, कावळ्याचे नव्हते. हिवतापाने तीन दिवसांत आटोपले. दहावा आम्ही येथेच केला. पेटी व कपडे वखारीत आहेत, घेऊन जावे."

हे मी मनात वाचलं आणि मान वर केली. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं. त्या घोळक्यात अक्षर कुणालाच येत नव्हतं. मी काहीही वाचू शकले असते. सुखरूप आहे, दिवाळीला येतो. दुकानदार गिऱ्हाइकात होता. आणखी दोन महिने मी बांगड्या घालून फिरले असते. पण आत्याबाईंचं ते हसरं तोंड बघितलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या तोंडानं मला रोज 'मोठं लाव' म्हटलं होतं, ते तोंड. मी मोठ्यानं वाचलं. शाळेत वाचायची तसं, एकेक शब्द सुटा.

आत्याबाई म्हणाल्या, "नीट वाच. चुकलीस." मी पुन्हा वाचलं. त्या म्हणाल्या, "कावळ्याचं काय लिवलंय ते वाच." मी तिसऱ्यांदा वाचलं. "कावळ्याचे नव्हते."

मग जे झालं ते. जिच्या हातात गौर दिली होती तिनं ती खाली टाकली. जिची ओटी मी भरली होती तिची सासू पुढं आली आणि मला म्हणाली, "रांड असून माझ्या पोटुशा सुनंची वटी भरलीस? जीभ झडली हुती काय सांगायला?" जणू मला माहीत होतं. जणू मी मजा करत होते. सुतकात सण केला, सुतकात गौर शिवली, पेठ बाटवली, असं सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आणि आत्याबाई, ज्यांनी मला हे सगळं करायला लावलं, त्या काय म्हणाल्या? "हिनंच खाल्ला. अक्षार वाचून वाचून खाल्ला माझ्या वाघाला." आणि आत जाऊन वरवंटा घेऊन आल्या.

चाची अजून तिथंच होती, टोपली आवरत. ती मध्ये पडली. "आत्ता भरल्यात, घट हायत. मी काढती एकेक, तेल लावून. पोरीचं हात फाटतील." तिला एकीनं ढकललं. बांगड्या काढायच्या नसतात, फोडायच्या असतात. माझे हात उंबऱ्यावर धरले आणि वरवंट्यानं फोडल्या. सकाळच्या सगळ्या. चाची म्हणाली तसंच झालं. डोरलं तोडलं, कपाळ शेणानं पुसलं. शेणानं कशाला, असं मी विचारलं. पाण्यानं जात नाही इतकं मोठं लावलंय, असं आत्याबाई म्हणाल्या.

मग विधवांची पत्रं यायला लागली. सवाष्णी लिहीत नाहीत, त्यांना अशुभ. नात्यातल्या जेवढ्या पांढऱ्या कपाळाच्या, तेवढ्यांनी कार्डं टाकली. आणि ती वाचायची कुणी? मीच. हाताला फडकी बांधलेली, आत्याबाई समोर पाय पसरून बसलेल्या, आणि मी माझंच सांत्वन मोठ्यानं वाचून दाखवते. इचलकरंजीच्या चुलतसासूनं लिहिलं, "गं. भा. हिस आशीर्वाद. देवाची मर्जी. आता तुला नथ लागणार नाही, माझ्या लेकीचं जमलं आहे, तरी धाडून द्यावी." दुसरीनं लिहिलं, "तुझं काय, तू दोन दिवाळ्या बघितल्यास. मी तर एकसुद्धा नाही." तिसरीनं लिहिलं की आता एक वेळ जेवत जा, वासना मरते. आत्याबाई रडायच्या, माना डोलवायच्या, "किती ग्वाड लिवलंय" म्हणून पुन्हा वाचायला सांगायच्या. नथ धाडली. एक वेळचं जेवण चालू केलं.

सगळ्यांत शेवटी शिरोळचं आलं. पोष्टमननं ते हातात दिलं आणि माझ्याकडं विचित्र बघितलं. पत्त्यावर माझ्या नावामागं 'सौ.' होतं.

मला वाटलं, तिला कळलंच नाही. किंवा सूड घेतला. उलटून वाचलं. "तुझं शिव्यांचं कार्ड मिळालं तेव्हाच अक्षरावरनं कळलं की हात भाजलाय. तुझी वेलांटी कधी अशी थरथरत नाही. माझ्या गं. भा. नं तुला डाग बसला. आता खरं गं. भा. लिहायची पाळी आली तर माझा हात उठत न्हाई. मी तुला जन्मभर सौ. लिहिणार. तू पण मला सौ. लिही. बघू कोण काय करतंय. आणि मागून घे गं, जेवायला मागून घे."

मी तेव्हा रडले. नवऱ्याचं, हाताचं, सगळं मिळून रडले. आत्याबाईंनी विचारलं, काय लिवलंय. मी मोठ्यानं वाचलं, "गं. भा. हिस आशीर्वाद. देवाची मर्जी." आणि त्या संध्याकाळी दुसरी भाकरी मागितली. मिळाली नाही. पण रोज मागायला लागले, आणि एक दिवस कंटाळून त्यांनी ताटात टाकली.

पुढं कित्येक वर्षं आम्ही दोघी एकमेकींना सौ. लिहीत होतो. दुकानदारानं बघितलं, पेठेत बोंब झाली, दोन रांडा एकमेकींना सवाष्ण म्हणवून घेतात म्हणून. आत्याबाईंनी पुन्हा उलथनं काढलं. ह्या खेपेला मी ते त्यांच्या हातातनं घेतलं आणि नेऊन विहिरीत टाकलं. त्यानंतर त्या फक्त तोंडानं मारायच्या. ती लिहायची, जावेनं तिला गोठ्यात झोपायला लावलंय, म्हशीची ऊब बरी असते. नदीला पूर आला आणि तिची पेटी वाहून गेली, त्यात होतंच काय. मी लिहायची, आज दोन भाकरी. असलंच लिहायचो. दुःखाचं फार लिहायचो नाही, ते दोघींना ठाऊक होतं.

मग मानमोडीचा ताप आला. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता, नद्या आटलेल्या, आणि माणसं पटापट जायला लागली. पोष्टमनच्या पिशवीत कोपरे फाडलेली कार्डंच जास्त. एक दिवस त्यानं मला एक दिलं. शिरोळचा शिक्का. कोपरा फाडलेला. आणि पत्त्यावर माझ्या नावामागं, भलत्याच अक्षरात, 'गं. भा.'

शिरोळहून आलेल्या कुठल्याही कार्डावर इतकी वर्षं ते नव्हतं. मी कार्ड उलटलं नाही.

आत्याबाई आतून बघत होत्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण कोपरा ह्या खेपेला बरोबर दिसला. "कुटलं हाय? शिरूळ? मेली का गं ती तुजी सौभाग्यवती?" आणि हसल्या.

मी म्हटलं, "न्हाय. कावळा शिवला असंल."

कार्ड मी फाडलं नाही, अंघोळ केली नाही. दाराबाहेर कौलाच्या खाली खोचून ठेवलं. आत्याबाई रोज विचारायला लागल्या, गंमत म्हणून. "आलं का दुसरं पत्र?" मी म्हणायची, "न्हाय अजून." "मग माणूस धाड की शिरूळला." "माणूस धाडलं म्हंजे आपुनच खरं मानलं की, आत्याबाई." तरी त्यांचं थांबेना. एक दिवस म्हणाल्या, "इतकं दिस लागत्यात व्हय पत्राला?"

बाहेर पांढरं कोरडं ऊन होतं. मी म्हटलं, "पावसानं अडलं असंल."

त्यांनी तपकिरीची डबी उघडली आणि न ओढताच मिटली. मग माझ्याकडं बघितलं, आणि इतक्या वर्षांत ज्या आवाजात कधी बोलल्या नव्हत्या त्या आवाजात विचारलं, "मग चंदगडचं बी अडलं असंल का गं? पावसानं?"

हो म्हणायला माझं काय जात होतं? एक शब्द. पण माझी मनगटं माझ्यापुढंच होती.

"न्हाय आत्याबाई," मी म्हटलं. "ते आलतं. मीच वाचलं की, तीन बारी."